डाव्या बाजूची पेटी

१

दातांच्या डॉक्टरांनी डाव्या स्पीकरची कापडी जाळी काढली, बॅटरीचा झोत मारला, आणि झोत तिथेच धरून ठेवला.

"काय झालं?" धाकटीने विचारलं.

"तुम्हीच बघा."

कमरेच्या वर येणाऱ्या, अक्रोडाच्या लाकडाच्या दोन पेट्या. वय पंचेचाळीसच्या पुढे. बाबांनी ही जोडी घेतली तेव्हा धाकटीचा जन्मही झाला नव्हता. जाळीमागे काय असतं हे तिला पाठ होतं. खाली ताटाएवढा काळा कागदी शंकू, त्याच्या वर वाटीएवढा, आणि सगळ्यात वर बटणासारखा इवलासा, ज्याला हात लावल्यावर लहानपणी एकदा धपाटा मिळाला होता.

आता तिथे प्लायवूडचे तीन गोल तुकडे होते. काळे रंगवलेले, स्क्रूने घट्ट बसवलेले.

डॉक्टरांनी खालचा तुकडा सोडवला, पोकळीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक शिवलेली पिशवी बाहेर ओढली. तिच्यात वाळू होती. आत आणखी तीन पिशव्या होत्या.

"वजन कळू नये म्हणून," ते म्हणाले. "केर काढताना पेटी सरकवली तरी कोणाला शंका येऊ नये. वरून अख्खा आणि आतून पोकळ, असा दात मी रोज बघतो हो. पण आत वाळू भरलेला पहिल्यांदाच बघतोय."

ही जोडी मिळावी म्हणून डॉक्टर सहा वर्षं शोधात होते. आल्यापासून त्यांनी पेट्यांना बोटाच्या पेरांनी टकटक करून पाहिलं होतं, मागे नाक लावून ओलीचा वास घेतला होता, घरात कोणी विड्या ओढायचं का ते विचारलं होतं. आता ते जमिनीवर मांडी घालून बसले होते, आणि त्यांचा चेहरा घरातलंच कोणी गेल्यासारखा झाला होता.

दारात दादा चहाचा ट्रे घेऊन उभा होता.

"असं कसं होईल?" तो म्हणाला. "बाबा रोज संध्याकाळी यावर ऐकायचे. अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत."

तेच तर कोडं होतं. बाबांना मित्रमंडळी कानसेन म्हणायची. तबकडीवर धुळीचा कण असला तर ते स्वयंपाकघरातून सांगायचे. अशा माणसाच्या समोर एक पेटी रिकामी उभी होती, आणि त्यांना पत्ता नव्हता?

धाकटी दादाकडे वळली. "आणि तू याच घरात राहतोस ना?"

२

धाकटी लिफ्ट तपासायचं काम करते. इमारतींच्या डोक्यावरच्या मशीनच्या खोल्यांत चढायचं, दोर, चाकं, स्क्रू निरखायचे, आणि हा डबा माणसं उचलायला लायक आहे की नाही ते लिहून द्यायचं. लिफ्ट आपणहून बंद पडत नाही, हे तिचं ठरलेलं वाक्य. कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, नाहीतर करायचं राहिलेलं असतं.

या घरात काय करायचं राहिलं होतं ते तिला ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी आई आतल्या खोलीत कोसळली. बाबा बाहेर खुर्चीत गाणं ऐकत होते. आईने हाक मारली होती. भिंतीपलीकडच्या शेजारीणबाईंना ती ऐकू आली, त्यांनी येऊन दार वाजवलं, तोवर बाबा खुर्चीतून हलले नव्हते. आई गेली त्या आठवड्यात नातेवाइकांनी भरलेल्या याच खोलीत धाकटी म्हणाली होती, "तुमच्या गाण्यापायी आईची हाक तुमच्या कानावर पडली नाही." बाबांनी नुसती मान खाली घातली होती.

बोललेला शब्द परत घेता येत नाही, पण वर्षभराने ती घ्यायला आली. खिडकीजवळच्या कोचावर, तिच्या नेहमीच्या जागी बसली. शेजारी खुर्चीत बाबा डोळे मिटून होते, गाणं हळू चालू होतं. जमिनीकडे बघत ती म्हणाली, "बाबा, तेव्हा बोलले ते माझं चुकलं. मला माफ करा."

बाबा बोलले नाहीत. तबकडीची बाजू संपल्यावर उठले, ती उलटी केली, परत येऊन बसले. धाकटीने पर्स उचलली आणि ती निघाली.

पुढे ती पाहुणीसारखी येत राहिली. दादाने काही विचारलं की बाबा लगेच उत्तर द्यायचे, हसायचे. तिच्या वाट्याला बहुतेक वेळा मिटलेले डोळे यायचे. दोन महिन्यांपूर्वी ते झोपेतच गेले. माफ केलं की नाही, ते सांगायचं राहूनच गेलं. 'नाही' असंच तिने धरून ठेवलं होतं. दोन महिने ती याच एका गोष्टीवर रात्री कूस बदलत होती. आता जीवापाड जपलेल्या वस्तूत बाबांना त्यांच्याच घरात कोणी फसवलं असेल, तर निदान तेवढं तरी शोधून काढायचं, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

"विकायची घाई तुलाच होती," ती दादाला म्हणाली.

"पोरीला अभ्यासाला कोपरा नाही घरात. घाई नाही, गरज होती."

"मग आतला माल आधीच गेला का गरजेपायी?"

दादाने ट्रे खाली ठेवला. कपांत चहा हिंदकळला.

"बाबांना शेवटचे सहा महिने आंघोळ मी घातली," तो म्हणाला. "तू दोन महिन्यांतून एकदा येऊन कोचाची शोभा वाढवायचीस. आणि आज पंचनामा करायला बसलीस होय?"

"मी निघू का?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"बसा डॉक्टर," धाकटी म्हणाली. "तुम्ही दुसरी पेटी उघडा."

३

उजवी पेटी शाबूत होती. तिन्ही गोल जागच्या जागी होते. डॉक्टरांनी मोठ्या शंकूवर चार बोटं सारख्या अंतरावर टेकवून तो अलगद आत दाबला, सोडला, आणि कान लावून ऐकलं.

"हा छान आहे. कडेचा फोमही नवा लावलाय. जुन्या मालात हाच आधी कुजतो." त्यांनी स्क्रू काढून शंकू बाहेर घेतला, उलटा केला, आणि बॅटरी परत पेटवली.

"आता काय?"

"पेटीच्या मागे पट्टीवर शेवटचा आकडा आठ आहे. या जोड्या लागोपाठच्या नंबरांनी निघायच्या. डावी सात, उजवी आठ. आतल्या मोठ्या शंकूवरही तोच आकडा मारलेला असायचा." त्यांनी शंकू तिच्यापुढे धरला. "हा सात आहे."

"म्हणजे डावीतला काढून उजवीत घातला?"

"उजवीतला जळला असणार. नवा आता कुठे बनतच नाही. पण ताई, मी अशा चिकार पेट्या पाहिल्या आहेत. चोर जोडी फोडत नाही. एकट्या पेटीला कुत्रं विचारत नाही. न्यायच्याच असत्या तर दोन्ही नेल्या असत्या."

दादाने त्यांच्या हातात कप दिला. धाकटीने त्याच्याकडे बघायचं टाळलं.

डॉक्टर अँप्लिफायरकडे गेले. वाकून त्यांनी एक खटका दाखवला. तो मोनोवर होता. "डावीकडचं आणि उजवीकडचं गाणं वेगळं न ठेवता एकत्र करायचं, आणि सगळं या एकाच पेटीतून. जोडी बाळगणारा माणूस असं का करेल? दोन डोळे असून एकावर पट्टी बांधण्यातला प्रकार आहे हा."

धाकटी तोवर प्लायवूडच्या गोलांपाशी बसली होती. बाहेरून तिने फक्त काळा रंग पाहिला होता. आता स्क्रू पाहिले. वरच्या गोलावर सहा, मधल्यावर सहा. बाराच्या बारा स्क्रूंच्या डोक्यावरची खाच उभी, सरळ, एका रेषेत. लिफ्टच्या खोल्यांत असं काम तिला दहा वर्षांत दोनदा दिसलं असेल. घाईत असलेला माणूस स्क्रू पिळतो आणि सुटतो. खाचा जुळवत बसतो तो, ज्याला आपलं काम कोणी बघणार नाही हे माहीत असूनही राहवत नाही.

"डागकाका," दादा तिच्या मागून म्हणाला. त्यालाही तेच दिसलं होतं.

डागकाका म्हणजे बाबांचे जुने दोस्त, दोन गल्ल्या सोडून रेडिओ दुरुस्तीचं दुकान. तारांना वितळत्या कथलाचे डाग देता देता आयुष्य गेलं म्हणून हे नाव. बाबांच्या पेट्यांना दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

"कधी आले होते ते घरी?"

"आई गेल्यापासून नाही," दादा म्हणाला. "निदान माझ्यासमोर तरी नाही."

४

वहिनी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होती.

"या वन्सं. माझीही साक्ष का?"

"वहिनी, चिडू नकोस. डागकाका कधी आले होते?"

"मी काय घरी बसून असते? माझीही नोकरी आहे. दिवसभर बाबा एकटेच." तिने एक चादर झटकली. "पण एकदा संध्याकाळी आले तर घरात रंगाचा वास. बाबा म्हणाले, दाराची कडी रंगवली. मी कडी बघितली. जुनीच. म्हटलं, असेल काहीतरी. म्हाताऱ्या माणसाला किती खोदायचं."

"कधीची गोष्ट?"

"सासूबाईंना जाऊन दोन महिने झाले असतील. त्याच सुमाराला त्यांनी खुर्ची फिरवली, नाही का. आधी दोन्ही पेट्यांच्या बरोबर मधे असायची. मग तिरकी केली. मला वाटलं, खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येत असेल."

धाकटीला ते पटलं नाही. त्या खिडकीत ऊन सकाळी येतं. बाबा ऐकायला बसायचे संध्याकाळी.

"आणखी काय बदललं त्यांच्यात?"

वहिनीचे हात थांबले. "बदललं म्हणजे... माया वाढली बघ. पूर्वी फिरायला निघाले की पुढे पुढे चालायचे. नंतर मला हाताला धरून आपल्या उजव्या बाजूला घ्यायचे. रस्ता कुठल्याही बाजूला असो, मी उजवीकडेच. मला वाटायचं गाड्यांपासून जपतात. पण गाड्या तर कधी कधी माझ्याच बाजूने जायच्या." ती जराशी हसली. "जेवतानाही तसंच. नातीला म्हणायचे, तू इकडून बस, तिकडून दिसत नाहीस."

धाकटी दाराला टेकली. दारातून बाहेरची खोली दिसत होती. तिरकी खुर्ची, उजवी कड उजव्या पेटीकडे वळवलेली. खुर्चीच्या उजव्या हाताला दादाचं स्टूल. डाव्या हाताला खिडकी, खिडकीजवळ कोच. आणि ती आत्ता उभी होती ते आतल्या खोलीचं दारही डाव्याच हाताला.

"काय गं?" वहिनीने विचारलं. "पांढरी का पडलीस?"

"काही नाही," धाकटी म्हणाली. "मी डागकाकांकडे जाऊन येते."

५

दुकानात दोन माणसं उभी राहतील एवढीच जागा. डागकाकांनी चष्मा कपाळावर सरकवला, तिला ओळखलं, आणि लगेच हातातल्या रेडिओवर मान घातली.

"काका, डावी पेटी उघडली आम्ही."

"हं."

"स्क्रूच्या खाचा तुमच्या आहेत."

"खोड आहे. जात नाही."

"वाळू कोणाची कल्पना?"

"त्याचीच. म्हणाला, सून रोज पेटी सरकवून झाडते, हलकी लागली तर ओरडा होईल." त्यांनी खालच्या कप्प्यातून कापडात गुंडाळलेल्या दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. वाटीएवढा एक आणि बटणाएवढा एक. "हे दोन मी जपून ठेवलेत. उजवीतलं काही बिघडलं तर लागतील म्हणून. मोठा तेव्हाच उजवीत घातला, तिथला जळला होता. घेऊन जा, आणि पुढचं काही विचारू नकोस."

"मीच सांगते. चूक असेल तिथे थांबवा."

काकांनी थांबवलं नाही.

"जो माणूस दोन पेट्यांचं गाणं एका पेटीत आणतो, त्याला दुसऱ्या बाजूचं ऐकू येत नसतं. खुर्ची फिरवली ती उन्हासाठी नाही, उजवा कान पुढे यावा म्हणून. वहिनीला, नातीला उजवीकडे घ्यायचे ते त्याचसाठी. बाबांचा डावा कान गेला होता."

काकांनी डाग द्यायची कांडी स्टँडवर ठेवली.

"पार गेला होता," ते म्हणाले. "तुझी आई गेल्यावर महिन्याभराने माझ्याकडे आला. म्हणाला, डावी पेटी बिघडली, नीट कर. मी घरी जाऊन बघितलं. पेटी ठणठणीत. त्याला म्हटलं, अरे वाजतेय की. माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी मीच त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ते म्हणाले, वर्षभरापूर्वीच गेला असणार. हळूहळू जातो, उजवा सांभाळून घेतो, माणसाला समजत नाही. त्याला तर नाहीच समजलं. कानसेन ना तो."

"वर्षभरापूर्वी," धाकटी म्हणाली. "म्हणजे आई पडली तेव्हा..."

"गाणं मोठं नव्हतं गं. तो कधी मोठ्याने ऐकायचाच नाही. आतल्या खोलीचं दार त्याच्या डाव्या हाताला. ती हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. दवाखान्याच्या जिन्यात बसला आणि मला म्हणाला, या बाजूने आता कोणी हाक मारली तरी मला कळायचं नाही, तर या बाजूला पेटी तरी कशाला?"

बाहेरून एक हातगाडी खडखडत गेली. काका ती जाईपर्यंत थांबले.

"पण लपवायचं कशाला?" धाकटीने विचारलं. "मला सांगितलं असतं तर..."

"तुझ्यासाठीच लपवलं. शपथ घातली होती मला, पण आता घालणाराच राहिला नाही." काकांनी चष्मा खाली ओढला. "म्हणाला, धाकटी समजते की गाण्यामुळे हाक ऐकू आली नाही. तिचा राग गाण्यावर आहे, तो तिथेच राहू दे. बहिऱ्या बापाला आपण चारचौघांत काय बोललो हे तिला कळलं, तर ते तिला जन्मभर खाईल."

धाकटीने टेबलाची कड धरली.

"मी माफी मागितली होती काका. वर्षभराने. कोचावर बसून. त्यांच्या डाव्या बाजूला. खाली मान घालून."

काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना दुरुस्तीची सवय होती. त्यांची बोटं टेबलावरच्या दोन वस्तू उगाच सरळ करत राहिली.

"त्याने विषय काढला होता माझ्याजवळ," ते अखेर म्हणाले. "म्हणायचा, येते, गप्प बसते, गप्प निघून जाते. राग गेला नाही पोरीचा. असू दे, येते हे काय कमी आहे."

६

परत यायला दोन गल्ल्या पुरतात. तिला तासभर लागला.

बाबांनी तीन वर्षं तिच्यापासून एकच गोष्ट लपवून ठेवली होती. तिच्या भल्यासाठी, वाळू भरून, स्क्रू लावून, रंग देऊन. आणि तिने ती एका दुपारी, आपलं तपासनिसाचं डोकं चालवून उघडली. माफी तर तिने मागण्याच्या आधीच मिळालेली होती. तिच्या माफीचं मात्र त्यांना कळलंच नाही. तिला दोनदा म्हणता आलं असतं. उठून समोर जाता आलं असतं. कोचावरून खुर्चीच्या पुढे यायला तीन पावलं लागत होती.

घरी डॉक्टर अजून बसलेले होते. तिने कापडात गुंडाळलेल्या दोन वस्तू त्यांच्यापुढे ठेवल्या. त्यांनी त्या उजेडाकडे धरून पाहिल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. मग तिच्याकडे लक्ष जाताच त्यांनी त्या परत गुंडाळल्या.

"आज नको," ते म्हणाले. "पुढच्या आठवड्यात फोन करा. तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. सहा वर्षं थांबलोय."

दादा स्वयंपाकघरात कप विसळत होता. तिच्याकडे पाठ होती. नळ जोरात चालू होता.

"दादा, माझं चुकलं," ती दारातून म्हणाली.

दादाने एक कप पालथा घातला. दुसरा हातात घेतला. मागे वळला नाही.

ती क्षणभर उभी राहिली. मग आत गेली, त्याच्या बाजूने हात घालून नळ बंद केला, आणि त्याच्या अगदी तोंडासमोर उभी राहिली.

"दादा, माझं चुकलं. मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला."

"पहिल्यांदा म्हणालीस तेव्हाच ऐकलं होतं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस?"

"दुसऱ्यांदा म्हणतेस का बघत होतो. तुला सवय नाही ना."

तिने त्याला सांगितलं. ओट्याला टेकून, न रडता, तपासणीचा अहवाल वाचून दाखवावा तसं एकामागून एक: कान, हाक, जिना, डागकाकांना घातलेली शपथ. कोचावरच्या संध्याकाळपाशी ती अडखळली, पण तेही सांगितलं. दादा ओला कप हातात धरून ऐकत होता. ओघळ कोपरापर्यंत आले तरी त्याने पुसले नाहीत.

"माझ्याशी तेवढे हसूनखेळून बोलायचे," तो म्हणाला. "मला वाटायचं, आपण आवडतो त्यांना. तुझ्यापेक्षा थोडे जास्तच. तीन वर्षं मनातल्या मनात मिरवत होतो मी."

"दादा..."

"लाडकाबिडका कसला. नुसता उजवीकडे बसत होतो."

धाकटीला हसू आलं. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि ते हसू अर्ध्यातच मोडलं. दादाने कप ओट्यावर ठेवला, हात लांब करून नळ पुन्हा सोडला, आणि विसळायला एकही भांडं उरलं नव्हतं तरी बराच वेळ तो तसाच वाहू दिला.